शिकारीची बोल्ट-ॲक्शन रायफल ऐन वेळी अडू नये म्हणून

बोल्ट-ॲक्शन रायफल, म्हणजे जिचा बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) हँडल धरून हाताने पुढे-मागे करायचा ती, ऐन वेळी अडते तेव्हा आत काही मोडलेलंच असतं असं नाही. माझं काम बंदुका दुरुस्त करण्याचं आहे आणि ‘बिघडली’ म्हणून टेबलावर येणाऱ्या रायफलींत मोडतोड क्वचितच दिसते. दिसतं ते वाळून घट्ट झालेलं तेल, एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतुसाची कड धरून ते बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) नखाखाली अडकलेला पितळेचा कीस, नाहीतर दस्त्याचा ढिला पडलेला स्क्रू. हे सगळं हंगामाआधी, निवांत, उजेडात सापडणारं आहे. शोधायचं कसं ते माहीत हवं, म्हणून हे लिहितोय.

माझी पद्धत एकच आहे. बोल्टची कामं वेगवेगळी करून बघायची. मॅगझिनमधून काडतूस उचलणं, ते चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) बसवणं, लग्स (बोल्टचे अडकणारे खुंट) लॉक होणं, प्रायमर (काडतुसाच्या बुडातली पेटणारी टोपी) पेटणं, पुंगळी (काडतुसाचं रिकामं पितळी कवच) सुटणं आणि ती बाहेर फेकली जाणं. ‘रायफल अडते’ असं कोणी सांगितलं की मी आधी विचारतो, यातल्या कुठल्या कामाला अडते? उत्तर मिळालं की निम्मी दुरुस्ती झाली.

सुरुवातीला रायफल रिकामी करा. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे. चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही बघा, कारण अंधाऱ्या चेंबरमध्ये डोळा फसतो. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. तपासणीला डमी काडतुसं वापरायची. घरी भरलेली डमी असतील तर त्यांच्या अंगाला आरपार भोक पाडलेलं असावं, म्हणजे खऱ्यांत मिसळली तरी हाताला लगेच कळतं.

काडतूस उचलणं

तुमची रायफल दोनपैकी कुठल्या जातीची आहे ते आधी ओळखा. 1898च्या माउझरमध्ये बोल्टच्या उजव्या बाजूला लांबलचक पट्टीसारखा एक्स्ट्रॅक्टर असतो. काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच त्याची कड या पट्टीच्या नखाखाली सरकते आणि तिथून पुढे ते काडतूस बोल्टच्या ताब्यात असतं. याला कंट्रोल्ड फीड म्हणतात. दुसऱ्या जातीत, म्हणजे पुश-फीडमध्ये, बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलतो आणि नख कडेवर चढतं ते अगदी शेवटी, बोल्ट बंद होताना. 1962 साली आलेली रेमिंग्टन 700 या जातीची. विंचेस्टर मॉडेल 70 ही 1936 साली कंट्रोल्ड फीड म्हणून आली, 1964 मध्ये कंपनीने ती पुश-फीड केली, आणि 1990च्या दशकात जुनी पद्धत पुन्हा आणली.

कुठली चांगली यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझं मत असं की दोन्ही चांगल्या आहेत, पण दोन्हींच्या खोडी वेगळ्या आहेत आणि आपल्या रायफलीची खोड आपल्याला माहीत हवी. पुश-फीडमध्ये काडतूस पुढे ढकललं, बोल्ट बंद न करताच मागे ओढला, तर ते काडतूस तिथेच राहतं आणि पुढच्या खेपेला बोल्ट दुसरं काडतूस त्याच्या बुडावर नेऊन आपटतो. गोंधळून, घाईत बोल्ट चालवणाऱ्याच्या हातून हे हमखास घडतं. माउझर जातीत असं होत नाही, कारण अर्ध्यातून मागे ओढलं तरी काडतूस सोबत परत येतं. पण माउझरमध्ये एकच काडतूस हाताने चेंबरमध्ये टाकून बोल्ट बंद करायला गेलात तर कित्येक रायफलींत नख कडेवरून उडी मारत नाही. बोल्ट बंद होत नाही, आणि जोर लावला तर नखाचा टवका उडतो. तिथे काडतूस मॅगझिनमध्ये दाबूनच भरायचं.

आता डमींनी मॅगझिन पूर्ण भरा आणि सगळी काडतुसं चालवा. एकदा सावकाश, एकदा पूर्ण वेगाने. मग एकदा रायफल खांद्याला लावून, कारण टेबलावर ठेवून चालवलेला बोल्ट आणि खांद्यावरून चालवलेला बोल्ट यांत फार फरक पडतो. पहिलं आणि शेवटचं काडतूस बारकाईने बघा. पहिल्या वेळी स्प्रिंग पूर्ण दबलेली असते, म्हणून घर्षण जास्त; शेवटच्या वेळी स्प्रिंगचा जोर सर्वांत कमी, म्हणून काडतूस नाक खाली घालतं. मधली सगळी सुरळीत आणि शेवटचं एकच अडत असेल तर स्प्रिंग नाहीतर फॉलोअर (स्प्रिंगवरची, काडतुसं वर ढकलणारी पट्टी) बघा.

एक दोष वारंवार भेटतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. आतल्या मॅगझिनची पेटी रिसीव्हर (नळीमागचा धातूचा सांगाडा, ज्यात बोल्ट सरकतो) आणि खालची पट्टी यांच्यामध्ये आवळली जाते. स्क्रू कसल्यावर पेटी बोटाने हलवून बघा, वर-खाली केसभर हालचाल राहिली पाहिजे. राहिली नाही, तर पेटी वाकते, फीड बिघडतं आणि वर नेमही सरकतो, कारण रिसीव्हर दस्त्याऐवजी पेटीवर टेकलेला असतो. मॅगझिनच्या ओठांना मात्र घरी कानस लावू नका. तिथलं धातू एकदा गेलं की परत येत नाही.

ली-एनफिल्ड (जुनी ब्रिटिश लष्करी रायफल) वापरणाऱ्यांनी भरताना काळजी घ्यायची. .303च्या काडतुसाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. मागे बसली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट हलत नाही.

लॉक होणं

बोल्टच्या पुढच्या लग्सची मागची बाजू स्फोटाचा सगळा मार झेलते. .308 विंचेस्टर या काडतुसात कमाल दाब चौरस इंचाला 62,000 पौंडांपर्यंत धरलेला असतो. दोन्ही लग्स सारखेच टेकतात की नाही ते बघायला त्यांच्या मागच्या बाजूला मार्कर पेनची शाई लावा, बोल्ट मागच्या दिशेला हलका ओढून धरा आणि काही वेळा उघडबंद करा. शाई दोन्हीकडून पुसली गेली पाहिजे. एकाच लगवरची गेली, तर सगळा भार तो एकटा घेतोय. हे काम कारागिराचं आहे. पॉलिश पेपर घेऊन लग घासत बसू नका, कारण लग घासला की हेडस्पेस वाढतो.

हेडस्पेस म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमधला काडतुसाचा टेका यांच्यातलं अंतर. ते गेजने, म्हणजे चेंबरमध्ये घालायच्या नेमक्या मापाच्या तुकड्याने, तपासतात. .308साठी ‘गो’ गेज 1.630 इंचाचं, ‘नो-गो’ 1.634 इंचाचं आणि ‘फील्ड’ 1.638 इंचाचं असतं. म्हणजे सगळा खेळ इंचाच्या हजारांशाचा. बोल्टमधून फायरिंग पिन (प्रायमरवर आदळणारी सुई) आणि इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढून, गेज स्वच्छ पुसून, दोन बोटांनी हँडल खाली घ्यायचं. ‘गो’वर बोल्ट बंद झाला पाहिजे, ‘नो-गो’वर व्हायला नको. ‘फील्ड’वरही बंद होत असेल तर ती रायफल चालवायची नाही. जोर लावलात तर चुकीच्या गेजवरही बोल्ट बंद होतो आणि मापाला काही अर्थ राहत नाही.

याच कारणासाठी दोन रायफलींचे बोल्ट एकमेकांत बदलू नका, मग त्या एकाच मॉडेलच्या असोत. बोल्टवरचा क्रमांक रिसीव्हरवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. जुनी रायफल विकत घेताना तर सर्वांत आधी हेच बघायचं. ली-एनफिल्ड नंबर 4मध्ये बोल्टचं डोकं वेगळं फिरवून बसवलेलं असतं आणि ते 0 ते 3 अशा क्रमांकांत मिळायचं, हेडस्पेस जुळवण्यासाठीच.

लग्सच्या मागे ग्रीसचा बारीक ठिपका हवा. कोरड्या लग्सवर धातू धातूला ओरबाडतो. पण चेंबर मात्र कोरडं हवं. तेलकट चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरून राहत नाही आणि बोल्टवरचा मार वाढतो.

प्रायमर पेटणं

चाप ओढला, ‘टक्’ आवाज आला आणि काहीच झालं नाही, तर पहिली गोष्ट ही की रायफल तशीच सुरक्षित दिशेला धरून ठेवा. किमान 30 सेकंद. काडतूस उशिरा पेटू शकतं. मग बोल्ट उघडून प्रायमरवरचा खड्डा बघा. खोल आणि नीट मध्यावर असेल तर संशय काडतुसावर. उथळ असेल तर संशय रायफलीवर, आणि त्यातही आधी बोल्टच्या आतल्या घाणीवर.

बोल्टच्या पोटात फायरिंग पिनभोवती लोक वर्षानुवर्षं तेल सोडत राहतात. ते तेल धूळ पकडतं, बारूदाची काजळी पकडतं, आणि थंडीत घट्ट होतं. पिन पुढे जाते पण आळसटून जाते. स्प्रिंग नवीन आणून घालण्याआधी बोल्ट खोलून धुऊन बघा, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. माउझर जातीत बोल्ट कॉक करून (म्हणजे पिनची स्प्रिंग ताणून) सेफ्टी मधल्या, उभ्या स्थितीत लावायची, बोल्ट बाहेर काढायचा, मागच्या टोपीची कळ दाबायची आणि टोपी फिरवत पिनसकट बाहेर घ्यायची. सॉल्व्हंटने धुवा, कापडाने कोरडं पुसा, तेलाचं बोट नुसतं फिरवा. कडाक्याच्या थंडीत जाणार असाल तर तेही नको, ग्रॅफाइट लावा किंवा कोरडंच ठेवा. बाकी कंपन्यांचे बोल्ट वेगळ्या तऱ्हेने खुलतात. त्या रायफलीची पुस्तिका बघूनच हात घाला, कारण स्प्रिंग ताणलेली असते.

धुऊनही खड्डा उथळच असेल, तर पिन बोल्टच्या तोंडाबाहेर किती येते ते मोजा. साधारण 1 ते 1.5 मिलिमीटर असावी. टोक गोल आणि गुळगुळीत हवं. खड्डे पडलेलं किंवा तुटकं टोक प्रायमर फोडतं आणि गरम वायू मागे येतो. टोक ठीक, लांबी ठीक, तरी खड्डा उथळ, मग स्प्रिंग बदला.

पुंगळी सुटणं आणि बाहेर पडणं

रायफलीची खरी परीक्षा इथे होते, असं मला वाटतं. नवी रायफल हातात आली की मी बोल्ट किती मऊ सरकतो ते नंतर बघतो. आधी हँडलचं मूळ बघतो. हँडल वर उचलताना त्याच्या मुळाशी असलेला तिरपा भाग रिसीव्हरच्या मागच्या तिरप्या भागावर चढतो आणि बोल्टला सावकाश, प्रचंड जोराने मागे रेटतो. चेंबरच्या भिंतीला घट्ट धरलेली पुंगळी सुटते ती या रेट्याने. हाताने मागे ओढण्याचं काम त्यानंतरचं. हा रेटा किती मिळतो ते डोळ्यांनी दिसतं. रिकामी रायफल कॉक करा आणि हँडल अगदी हळू वर घ्या. वर येता येता बोल्ट मागे सरकताना दिसला पाहिजे. हँडल पूर्ण वर आलं तरी बोल्ट जागचा हललाच नाही, तर दोन तिरप्या भागांत फट आहे. हँडल बोल्टला वेगळं जोडलेलं असतं अशा रायफलींत ते थोडं मागे जोडलं गेलं की ही फट राहते. अशी रायफल साध्या काडतुसांवर वर्षं काढेल आणि एखाद्या उकाड्याच्या दिवशी, तापलेल्या काडतुसावर अडून बसेल. हँडल काढून नव्या जागी जोडणं हाच त्यावर उपाय आहे आणि तो चांगल्या कारागिराकडूनच करून घ्यावा.

तीन लग्सचे आणि कमी उचल असलेले बोल्ट झटपट चालतात, दुर्बिणीखाली हाताला जागाही मिळते. पण 90 अंशांत होणारं काम 60-70 अंशांत उरकायचं म्हणजे हँडल उचलायला जोर जास्त लागतो. विकत घेण्याआधी खांद्याला लावून चालवून बघा.

हँडल जड उचललं जातंय असं अचानक जाणवलं, तर बोल्टला दोष देण्याआधी पुंगळी हातात घ्या. प्रायमर चपटा होऊन कडेपर्यंत पसरलाय का? बुडावर इजेक्टरच्या भोकाचा चकचकीत गोल ठसा उमटलाय का? तसं असेल तर दाब जास्त आहे, गोळीबार तिथेच थांबवा. ओलं चेंबर, उन्हात तापलेली काडतुसं, हाताने भरलेल्या काडतुसात जास्त पडलेली बारूद, यांपैकी काहीतरी निघतं. ठसे नसतील आणि पुंगळीच्या अंगावर ओरखडे असतील, तर चेंबरला गंज आहे. नळी घासणारे पुष्कळ, चेंबर घासणारे फार थोडे. चेंबरचा वेगळा, जाड ब्रश मिळतो, तो घ्या.

आता एक्स्ट्रॅक्टर. बोल्टचं तोंड भिंगाखाली धरा. नखाच्या आतल्या कोपऱ्यात पिवळसर काळा थर दिसेल. तो पितळेचा कीस आणि काजळी यांचा असतो आणि दगडासारखा बसलेला असतो. त्याच्यामुळे नख कडेवर पूर्ण खाली बसत नाही, जेमतेम टोकाने धरतं, आणि घट्ट पुंगळी आली की निसटतं. सॉल्व्हंटचा थेंब सोडा, थोडं थांबा, लाकडी काडीने कोपरा कोरून काढा. नखाची धार शाबूत आहे का तेही तेव्हाच बघा. मग डमीची कड नखाखाली सरकवून बोल्ट हवेत हलवा. डमी धरून राहिली पाहिजे.

पुश-फीड बोल्टच्या तोंडात स्प्रिंगवरची छोटी खुंटी असते, ती पुंगळी फेकते. काडीने ती दाबून सोडा. आत जाऊन ताडकन बाहेर यायला हवी. रेंगाळली किंवा आतच राहिली, तर तिच्या भोकात पितळेचा कीस शिरलाय. पुंगळ्या कधी लांब उडतात, कधी रिसीव्हरमध्येच लोळतात, याचं कारण बहुतेक वेळा हेच. आडवी पिन ठोकून खुंटी आणि स्प्रिंग काढा, पण खुंटी अंगठ्याने दाबून धरा आणि डोळ्यांवर चष्मा घाला, कारण ती उडते. माउझरचा इजेक्टर रिसीव्हरमध्ये पक्का बसवलेला असतो. तिथे बोल्ट जितक्या जोरात मागे न्याल तितक्या जोरात पुंगळी उडते. हळू आणि अर्धवट ओढाल तर ती तिथेच पडते. बोल्ट दर वेळी अटकेपर्यंत मागे गेलाच पाहिजे, ही सवय हाताला लावून घ्या.

चाप आणि सेफ्टी

चापाच्या पेटीत तेल ओतू नका. एवढं ऐकलंत तरी पुष्कळ झालं. आतले पृष्ठभाग एकमेकांवर अगदी थोडे टेकलेले असतात. तिथे चिकट थर साचला की चाप ओढून सोडल्यावर आपल्या जागी परत येत नाही. लायटरच्या पातळ इंधनाने धुऊन काढा, वाळू द्या, कोरडंच ठेवा. धुताना जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको.

मग रिकाम्या रायफलीवर ही तपासणी करा. कॉक करा, सेफ्टी लावा, चाप नेहमीपेक्षा जरा जोरात ओढा आणि सोडा. आता बोट चापाबाहेर ठेवून सेफ्टी काढा. पिन सुटली तर ती रायफल त्या क्षणापासून बंद. पुढे, बोल्ट जोरात आपटून बंद करा, काही वेळा. पिन सुटता कामा नये. शेवटी कॉक केलेल्या रायफलीचा दस्ता रबरी चटईवर थोड्या उंचीवरून आपटा, सेफ्टी लावून आणि काढून. तरीही सुटता कामा नये. शिकारीच्या रायफलीचा चाप सव्वा-दीड किलोपेक्षा हलका करू नये असं माझं ठाम मत आहे. थंडीने बधिर झालेल्या, हातमोजा घातलेल्या बोटाला त्याहून हलका चाप कळतच नाही.

सेफ्टी नेमकं काय अडवते तेही माहीत हवं. माउझर 98 आणि मॉडेल 70मध्ये ती फायरिंग पिनचा मागचा भागच धरून ठेवते. पुष्कळ रायफलींत ती नुसता चाप किंवा त्याच्यावरची खाच अडवते. दोन्हींवर विश्वास एकाच मर्यादेपर्यंत. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला राहिलंच पाहिजे.

स्क्रू, दस्ता, दुर्बीण

‘रायफलीचा नेम बिघडला’ या तक्रारीवर मी नळीकडे सर्वांत शेवटी बघतो. आधी दस्त्याचे स्क्रू, मग दुर्बिणीचे. स्क्रू कसण्याचा जोर (टॉर्क) ॲल्युमिनियमचा ब्लॉक असलेल्या दस्त्यात साधारण 65 इंच-पौंड, नुसत्या लाकडात 35 ते 45, आणि दुर्बिणीच्या रिंगांना 15 ते 20. कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. टॉर्क दाखवणारा स्क्रूड्रायव्हर विकत घ्या. स्क्रू कसून झाला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर रंगाची बारीक रेघ ओढा. स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसते.

लाकडी दस्ता दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आवळतो. नळी मोकळी ठेवलेली असेल तर तिच्याखालून जाड कागद पुढच्या टोकापासून रिसीव्हरपर्यंत सरकला पाहिजे. रिसीव्हरच्या मागच्या टोकाशी लाकडाला केसासारखी चीर दिसली, तर दर गोळीला रिसीव्हर लाकडात पाचरीसारखा घुसतोय. तिथे कारागिराकडून थोडी फट ठेवून घ्या आणि बेडिंग (रिसीव्हरची दस्त्यातली पक्की बैठक) करून घ्या.

बाहेर पडताना आणि परत आल्यावर

तपासणी झाली की खरी काडतुसं घेऊन रेंजवर जा. शिकारीला नेणार तीच काडतुसं न्या, स्वस्तातली सरावाची नकोत. पूर्ण मॅगझिन खांद्यावरून, पूर्ण वेगाने चालवा. नेणार असलेलं प्रत्येक काडतूस एकेक करून चेंबरमध्ये घालून काढूनही बघा, पण हे रेंजवरच, नळी लक्ष्याच्या मातीकडे ठेवून.

नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिक टेपचा एकच थर लावला तर पाऊस आणि चिखल आत जात नाही. गोळीच्या पुढची हवाच तो उडवून देते, नेमाला फरक पडत नाही. पडलात, किंवा रायफलीचं तोंड जमिनीला लागलं, तर रिकामी करून बोल्ट काढा आणि नळीतून आरपार उजेड बघा. गोळीचा आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तरीही हेच करा. आत गोळी अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फाटते. सोबत जोडता येणारी लोखंडी काडी ठेवा. नखातून निसटलेली पुंगळी तोंडाकडून काडी घालून एका ठोक्यात निघते.

थंडीतून गरम खोलीत आणलेल्या रायफलीवर, आतल्या स्प्रिंगवरसुद्धा, दव धरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा थंडीत जायचं असेल तर रिकामी करून बाहेरच्या थंड पण सुरक्षित, कुलूपबंद जागेत ठेवणं बरं. नाहीतर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, बोल्ट काढून सगळं पुसा. भिजली असेल तर दस्त्यातून काढून पुसा, कारण गंज लाकडाच्या रेषेखाली, न दिसणाऱ्या जागी सुरू होतो. तेल लावल्यावर पहिली रात्र तोंड खाली करून उभी ठेवा. जास्तीचं तेल नळीतून खाली कापडावर उतरतं, चापात आणि लाकडात मुरत नाही.